पंडिता रमाबाई : कळणाऱ्या शब्दाकरिता वेचलेले आयुष्य

पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळींस अपरिचित नाही. केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळाच्या तोंडातून सोडविलेल्या शेकडो मुली, विधवांकरिता बाईंनी सोसलेले कष्ट, या गोष्टी शब्बाथ शाळेतून अनेकांनी ऐकल्या आहेत. ते सर्व चरित्र पुन्हा सांगण्याचा आमचा आज विचार नाही. त्या थोर आयुष्यातील एकच धागा हाती घेऊन तो आरंभापासून शेवटापर्यंत वाचकांपुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे. वाचणाऱ्यास वाचलेले कळले पाहिजे, आणि कळण्याकरिता शब्द त्याच्या ओळखीचा झाला पाहिजे, ही काळजी बाईंनी आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात अखंड वाहिली. ती त्यांच्या ठायी कशी उत्पन्न झाली व तिच्यापायी त्यांनी काय केले, हे जाणणे आमच्या उपदेशकांस व घरोघरच्या आईबापांस फार उपयोगाचे आहे.

ही काळजी आपल्या गावची आहे, हे आधी एका लहानशा उदाहरणाने सांगतो. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या उत्तरेस, मध्यप्रदेशाच्या सीमेलगत नाकाडोंगरी हे गाव आहे. तेथील मुलास शेतातल्या पिकाचे नाव धान असे ठाऊक असते. भात म्हणजे ताटात वाढलेले शिजलेले अन्न. पुण्यामुंबईकडे तयार झालेल्या पुस्तकात मात्र भाताचे शेत व भाताची लावणी असे शब्द येतात. आपला मुलगा ज्या कामाला रोवणी म्हणतो आणि ज्या कामात तो स्वतः गुडघाभर चिखलात उभा राहिलेला असतो, तेच काम पुस्तकात पाहून तो गोंधळतो. अक्षरे त्याने बिनचूक वाचलेली असतात. तरी अर्थ विचारला की तो गप्प बसतो, आणि शिकविणाऱ्यास वाटते की मुलगा मंद आहे. मुलगा मंद नसतो. शब्द परगावचा असतो, आणि त्याची ओळख कोणी करून दिलेली नसते, एवढेच.

आता बाईंच्या चरित्राकडे वळू. त्यांच्या शिक्षणाची कथा त्यांच्या जन्माच्या पुष्कळ आधी सुरू होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे तरुणपणी संस्कृत शिकण्यासाठी पुण्यास रामचंद्रशास्त्री यांच्यापाशी राहिले होते. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकविण्याचे काम या रामचंद्रशास्त्र्यांकडे होते. गुरूबरोबर वाड्यात जाताना अनंतशास्त्र्यांनी एका स्त्रीस संस्कृत श्लोक म्हणताना ऐकले, आणि त्यांच्या मनात ती गोष्ट कायमची ठसली. त्या काळी स्त्रीने देवभाषा शिकणे लोकांस अधर्म वाटे. अनंतशास्त्र्यांनी घरी परतल्यावर आपल्या पहिल्या पत्नीस शिकविण्याचा यत्न केला, पण घरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध पडून तो व्यर्थ गेला. पुढे ती वारल्यावर लक्ष्मीबाई या अल्पवयीन मुलीशी त्यांचा विवाह झाला. तिला त्यांनी शिकविलेच. जातीचे लोक कोपले. शास्त्र्यांस उडुपी येथे पंडितांच्या सभेत उभे राहून, स्त्रीने विद्या शिकण्यास शास्त्राचा आधार आहे, हे सिद्ध करावे लागले. अखेर सह्याद्रीच्या रानात गंगामूळ या ठिकाणी त्यांनी आश्रम बांधला, आणि तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमा शिकण्याजोगी झाली तेव्हा वडील वृद्ध झाले होते. म्हणून तिचे अध्यापन आईने आपल्याकडे घेतले. घरकाम, अतिथींची सेवा, विद्यार्थ्यांची उठाठेव यांतून लक्ष्मीबाईंस दिवसा सवड मिळत नसे. म्हणून त्या पहाटे, पाखरे बोलू लागण्याच्या सुमारास, निजलेल्या मुलीस उठवून मांडीवर घेत व धडा देत. हा क्रम मुलीच्या आठव्या वर्षापासून पुढे सात-आठ वर्षे चालला. आईने ती विद्या अशा रीतीने दिली की पुढे मुलीस दुसऱ्याचा आधार फारसा न घेता स्वतःचे स्वतः वाचीत जाता यावे. मराठीही रमाबाई आईच्या शुद्ध बोलण्यातून शिकल्या. बारा वर्षांच्या वयात भागवत पुराणाचे अठरा हजार श्लोक त्यांस मुखोद्गत होते. पुढे त्या जगप्रसिद्ध झाल्या तेव्हा आपला पहिला इंग्रजी ग्रंथ त्यांनी या आईच्या स्मृतीस अर्पण केला. तिचे शिकविणे हाच आपल्या आयुष्याचा दिवा होता, असे त्या मानीत.

या कुटुंबाची उपजीविका पुराणवाचनावर चाले. डोंगरे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे आणि देवळाच्या सभामंडपात किंवा झाडाखाली बसून पुराण वाची. येणारेजाणारे ऐकत, फुले, फळे व पैसे पोथीपुढे ठेवीत आणि पुढे जात. वाचन संस्कृतात असे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांस त्यातील अक्षरही कळत नसे, आणि कळण्याची कोणी अपेक्षाही करीत नसे. श्रवणानेच पुण्य लाभते अशी श्रद्धा होती. बाईंनी पुढे आपल्या आत्मवृत्तात हा प्रकार बारकाईने लिहून ठेविला आहे. लहानपणी त्यांचाच कोवळा, स्पष्ट आवाज त्या मंडपांतून घुमत असे, आणि समोर बसलेल्या बाया हात जोडून न कळणारे शब्द ऐकत असत. हे चित्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण या चरित्रात त्याला महत्त्व आहे.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. साठविलेले द्रव्य संपले, भांडी विकली गेली, रानातील पाला खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ मध्ये वडील वारले, थोड्याच काळात आई गेली आणि पुढे थोरली बहीणही. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास व रमा, हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या विशीतील मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातच एक गोष्ट घडली, ती आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्यास ही बहीणभावंडे गेली असता त्यांस संस्कृत पवित्र शास्त्राची एक प्रत भेट मिळाली. सबंध हिंदुस्थानात त्या काळी संस्कृत जाणणारी अशी स्त्री विरळा! तरी ते पुस्तक उघडून वाचू लागल्यावर त्यांस त्याचा अर्थ लागेना. त्यातील भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृत ग्रंथांहून निराळी, विचार निराळा. यात वेळ दवडणे व्यर्थ आहे असे त्यांस वाटले. पुस्तक मात्र त्यांनी टाकून दिले नाही. यातून आमच्या वाचकांनी काय घ्यावे? शब्द ठाऊक असूनही ग्रंथ कळत नाही, असे एखाद्या पंडितेच्याही बाबतीत घडते. शब्दांमागे जी गोष्ट उभी असते तिची ओळख नसेल तर मोठी विद्वत्ताही दाराबाहेरच उभी राहते. मग नुकतीच बाराखडी शिकलेल्या आमच्या बहिणीस एखादा अध्याय कळला नाही, तर त्यात तिला लाज वाटण्याचे काय कारण?

भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला व आसामात सिल्चर येथे संसार मांडला. तेथे पतीच्या पुस्तकांत त्यांस लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. बंगाली ही त्यांची जन्मभाषा नव्हे, पण आता ती रोजच्या बोलण्याची झाली होती. जे संस्कृतात बंद राहिले होते ते या साध्या बोलीत उघडले. त्यांनी ते पुस्तक आवडीने वाचले व त्यांची जिज्ञासा जागी झाली. पतीस ते रुचले नाही, आणि विषय तेवढ्यावर थांबला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने वारले. पदरी मनोरमा ही दहा महिन्यांची मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि त्याच वर्षी आपले पहिले पुस्तक स्त्रीधर्मनीति प्रसिद्ध केले. स्त्रियांनी शिकावे, स्वावलंबी व्हावे, असा त्यातील उपदेश आहे. पण त्याची भाषा संस्कृताने जडावलेली होती. ज्या अशिक्षित भगिनींच्या हिताकरिता ते लिहिले, त्यांपैकी कितीकांस ते स्वतः वाचून समजले असते? हा दोष आम्ही बाईंना कमीपणा आणण्यासाठी दाखवीत नाही. त्या काळी विद्वान असाच लिही. येथून निघून त्या कोठे पोहोचल्या, हे कळावे म्हणून हा मुक्काम सांगितला. १८८२ मध्येच सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण मंडळापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांत स्त्रीशिक्षिका असाव्यात, तपासनीसही स्त्रियाच असाव्यात, असे त्यांनी सांगितले. शिकविणाऱ्या स्त्रीस प्रथम आपल्या स्वतःच्या भाषेचे शुद्ध ज्ञान असले पाहिजे, ही गोष्टही त्यांनी त्या साक्षीत मांडली. इंग्रजीचे स्थान त्यांनी त्यानंतर ठेविले. आमच्या उपदेशकांनी हा क्रम मनात धरावा.

याच पुण्यात रमाबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. मिस हर्फर्ड या बाई त्यांच्या घरी येऊन त्यांस इंग्रजी शिकवीत व मराठी नवा करार वाचून दाखवीत. अठरा हजार श्लोक पाठ असलेली पंडिता चोवीस वर्षांच्या वयात एका परक्या भाषेची पहिली पाने गिरवू लागली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनीमंडळात राहून त्यांनी अभ्यास केला, आणि तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा मुलीसह बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत व स्वतः इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकत. वैद्यकी शिकण्याची त्यांची इच्छा होती, पण कानांनी ऐकू कमी येत असल्यामुळे ती सोडावी लागली. ज्यास ऐकू कमी येते त्यास नवी भाषा शिकणे किती अवघड जाते, हे सांगावयास नको. तरी चार वर्षांच्या आत त्यांनी इंग्रजीत एवढी गती मिळविली की १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला व त्याने हजारो वाचकांची मने हलविली.

अमेरिकेस त्या १८८६ मध्ये आपल्या नात्यातील डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी गेल्या होत्या. तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. ही पद्धत जर्मनीतील फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने काढली. तिचे सार असे की मुलाच्या हाती आधी वस्तू द्यावी, तिच्याशी खेळू द्यावे, आणि मग तिचे नाव व अक्षर द्यावे. चेंडू हातात फिरविल्यावर गोल हा शब्द मुलास सांगावा लागत नाही; तो त्याच्या बोटांस आधीच कळलेला असतो. बाईंस ही रीत फार पटली. संस्कृतात त्या स्वतः पाठांतराने वाढल्या होत्या, आणि पाठांतराची शक्ती त्या जाणून होत्या. पण आपल्या देशातील मुलींस शिकवावयाचे तर शब्दाबरोबर वस्तू व चित्र हवे, हे त्यांनी ओळखिले. मुलींसाठी मराठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे काम त्यांनी तेथेच हाती घेतले. हिंदुस्थानात परतल्यावर आपल्या शाळेत त्यांनी ही पद्धत चालू केली.

ती शाळा म्हणजे शारदा सदन. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ती उघडली, आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलविली. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही होती. आठव्या वर्षी तिचे कुंकू पुसले गेले होते आणि वयाची विशी ओलांडल्यावर ती शाळेत बसू लागली. लोक म्हणत, या वयात हिला काय येणार? पण तीच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली, आणि कर्वे यांच्या विधवाश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडली. उशिरा सुरू झालेले वाचन वाया जात नाही, याचा हा धडधडीत दाखला आहे. आमच्या रात्रीच्या वर्गात पांढऱ्या केसांच्या आजीबाई पाटी घेऊन बसतात, त्यांस हसणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी.

१८९६ मध्ये मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. रमाबाईंना आपल्या आईबापांचे मरण आठवले, आणि त्या स्वतः या प्रांतात आल्या. त्यांनी सरकारी अन्नछत्रे पाहिली, हाडांचे सापळे झालेली मुले पाहिली, निराधार मुलींवर टपून बसलेली दुष्ट माणसेही पाहिली. त्यांनी तीनशेच्या सुमारास मुली व स्त्रिया आपल्याबरोबर नेण्याचे ठरविले व नेल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ सुरू होती, म्हणून या मुलींस पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथील शेतावर ठेवावे लागले. त्या उघड्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या, आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

वाचकहो, त्या माळावरच्या शाळेची कल्पना करा. शारदा सदनात ब्राह्मण घरांतल्या विधवा होत्या. त्यांच्या कानांवर शुद्ध मराठी लहानपणापासून पडलेली होती. येथे आलेल्या मुली शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, नाना जातींच्या. कोणी हिंदी बोले, कोणी गुजराती, कोणी आपल्या रानची बोली. मराठी ही कित्येकींस नवीच होती, आणि छापील मराठी तर सर्वांसच नवी. त्यांस आधी खाऊपिऊ घालून जगवावयाचे, मग विणणे, शेती, दळण, छपाई अशी कामे शिकवावयाची, आणि त्याबरोबर वाचावयास शिकवावयाचे. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या विधवा आता शिक्षिका झाल्या. मनोरमा अमेरिकेतून शिकून आली, तिने आंधळ्या मुलींस ब्रेलच्या उठावाच्या ठिपक्यांवरून बोटांनी वाचावयास शिकविले. ज्यांच्या डोळ्यांस अक्षर कधी दिसणार नव्हते त्यांच्याही हाती पुस्तक आले.

येथेच बाईंच्या ध्यानात ती अडचण पक्की आली. मुली अक्षर ओळखू लागल्या, ओळ वाचू लागल्या, आणि हाती मराठी पवित्र शास्त्र आल्यावर अडखळल्या. त्या भाषांतरात विद्वानांचे संस्कृत शब्द पुष्कळ होते. केरी साहेबांनी १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले तेव्हापासून मिशनरी व पंडित यांनी मिळून हे काम वाढविले होते, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण मिशनरी ज्यांच्यापाशी भाषा शिकले ते पंडित होते, आणि पंडिताची भाषा नांगर धरणाऱ्याच्या घरी जात नाही. शिवाय, त्यांतील कित्येक शब्द हिंदू तत्त्वज्ञानातून आलेले असल्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात निराळाच अर्थ उभा राहतो, असे बाईंचे मत झाले. ज्या संस्कृताने त्यांस पदव्या मिळवून दिल्या, त्याच संस्कृताने त्यांच्या मुलींची वाट अडविली होती. मंडपात हात जोडून बसलेल्या आणि काही न समजता फुले वाहणाऱ्या बाया त्यांस या वेळी आठवल्या असतील काय? आम्हांस तर आठवतात.

त्यांनी काम मांडले ते असे : सबंध पवित्र शास्त्र मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून पुन्हा मराठीत आणावयाचे, आणि ते अशा मराठीत की खेड्यातील साध्या स्त्रीस वाचून कळेल. १९०५ च्या सुमारास हे काम चालू झाले. त्यांचे वय पन्नाशीकडे झुकले होते, कान जवळजवळ गेले होते, संस्थेत शेकडो तोंडे खाणारी होती. तरी कोश व व्याकरणे पुढे घेऊन त्या रोज बसत. एखादा विद्वान शब्द लेखणीच्या टोकाशी आपण होऊन येई, तो बाजूस सारून साधा शब्द शोधावा लागे. ज्यास हजारो मोठे शब्द ठाऊक आहेत त्यास लहान शब्द निवडणे सोपे वाटत असेल, असे कोणी समजू नये. संपत्ती असून साधे राहणे जसे कठीण, तसेच हे आहे. छापखाना संस्थेचाच होता. दुष्काळातून आणलेल्या मुलींनीच खिळे जुळविले, पाने छापली व बांधली. ज्यांच्याकरिता ग्रंथ, त्यांच्याच हातांनी तो तयार होत होता.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. एकुलत्या एका लेकीच्या मागे आई नऊ महिनेही राहिली नाही. चरित्रकार सांगतात की शेवटच्या आजारात बाईंनी देवाजवळ हातचे काम पुरे करण्यापुरते दिवस मागितले, आणि शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर त्या झोपेतच गेल्या. तो दिवस ५ एप्रिल १९२२ होता. सबंध ग्रंथ १९२४ मध्ये मुक्ति छापखान्यातून बाहेर पडला.

हे भाषांतर मंडळ्यांतून सर्वत्र चालू झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. उपासनेत पूर्वीचेच रूढ राहिले व त्याच्याच सुधारलेल्या आवृत्त्या निघत गेल्या. बाई मूळ शब्दास फार घट्ट धरून राहिल्यामुळे त्यांच्या भाषांतरातील काही वाक्ये मराठी कानास अवघड वाटतात, अशी टीका झाली आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. मग आयुष्याची इतकी वर्षे वाया गेली काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या श्रमाने एक गोष्ट आमच्यापुढे कायमची मांडून ठेविली. ती अशी की वाचणाऱ्यास कळले नाही तर तो प्रश्न शिकविणाऱ्याचा व लिहिणाऱ्याचाही आहे. केवळ वाचणाऱ्याच्या बुद्धीस दोष देऊन मोकळे होता येत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. आमच्या मंडळ्यांत आज वाचता येणारे पुष्कळ आहेत. मुले शाळेत जातात, धडाधड वाचतात. पण उपासनेत एखाद्या मुलाने रोमकरांस पत्रातील अध्याय न अडखळता वाचला, आणि नंतर त्यास नीतिमान ठरविणे म्हणजे काय, मध्यस्थ कोणास म्हणतात, असे विचारले, तर किती वेळा उत्तर मिळते? मंडळी मात्र वाचन छान झाले म्हणून समाधानाने घरी जाते. ही श्रवणाची पुण्याई आपल्यातही शिरली आहे, हे आम्हांस दुःखाने म्हणावे लागते. मंडपातील त्या बायांत आणि आपल्यात मग अंतर ते किती राहिले? नहेम्याच्या पुस्तकात एज्रा शास्त्र वाचीत असता लेवी लोकांस अर्थ फोडून सांगत होते, आणि लोक समजल्यामुळेच आनंदले, हे आपण विसरतो.

यात केवळ उपासनेचेच नुकसान आहे असे नाही. जो मुलगा न समजता वाचावयास शिकतो तो मोठा झाल्यावर गहाणखतावर, कर्जाच्या कागदावर, औषधाच्या बाटलीवर असेच वाचतो. पूर्वी अंगठा उठविणारा माणूस फसे. आता सही करणारा फसतो. अंगठेवाल्यास निदान आपणांस कळत नाही हे ठाऊक असे.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस व भगिनींस बाईंच्या आयुष्यातून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आईचे उदाहरण. लक्ष्मीबाईंजवळ शाळा नव्हती, फुरसत नव्हती. पहाटेची थोडी वेळ व एक मांडी होती. दररोज थोडे, पण न चुकता, याने जे होते ते आठवड्यातून एकदा दोन तास बसविल्याने होत नाही. दुसरी, वस्तूची ओळख शब्दाच्या आधी. धड्यात लावणी आली तर मुलास रोवणी आठवून द्या. मग त्यास सांगा की पुण्याकडे याच कामास लावणी म्हणतात. घरचा शब्द चुकीचा म्हणून त्यास हिणवू नका. पाण्याला पानी म्हणणारे मूल अशुद्ध बोलत असेल, पण तहान त्याला बरोबर कळते. त्या कळण्यावरच पुढचे शिक्षण उभारावयाचे आहे.

तिसरी, वाचून झाल्यावर पुस्तक मिटावयास लावा आणि वाचलेले आपल्या बोलीत सांगावयास लावा. जेवढे सांगता येईल तेवढेच वाचले असे समजा. एका वेळी अध्याय नको. पाच-सहा ओळी पुरे, आणि त्यांतील दोन किंवा तीन नवे शब्द पुरे. ते शब्द दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात, बांधीवर, बाजाराच्या वाटेवर पुन्हा वापरून दाखवा, म्हणजे ते पाहुणे न राहता घरचे होतील. चौथी गोष्ट शिकविणाऱ्यासाठी आहे, आणि ती सर्वांत जड आहे. ज्या शब्दाचा अर्थ आपणांस येत नाही, तो शिष्यापुढे येत नाही असे म्हणावे व दोघांनी मिळून शोधावा. पंडिता ही पदवी असलेली स्त्री मिस हर्फर्ड यांच्यापुढे पहिल्या पुस्तकापासून बसली, आणि उतारवयात हिब्रू व ग्रीक शब्दांचे कोश चाळीत राहिली. आम्हांस उपदेशक किंवा गुरुजी एवढीच पदवी आहे. तेवढीने शिकणे संपावे हे शोभत नाही.

केडगावास बाईंची संस्था आजही चालू आहे. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढिले. पण त्यांचे खरे स्मरण आपल्या गावात करावयाचे असेल तर त्यास खर्च लागत नाही. आज रात्री दिवाबत्ती झाल्यावर घरातील लहान मुलास किंवा वृद्ध आईस जवळ बसवा, पुस्तकातील चार ओळी वाचावयास सांगा, आणि मग मायेने एवढेच विचारा की यातले तुला काय कळले. उत्तर येईपर्यंत घाई करू नका.